जोडधंद्याची वाट : कुर्ला ते ऑपेरा हाऊस

मुंबईत कुर्ल्याच्या पश्चिमेला सीएसटी रोड म्हणून एक रस्ता आहे. नवख्या माणसाला वाटते, छत्रपती शिवाजी टर्मिनसवरून हे नाव पडले असावे. तसे नाही. १९२८ साली ट्रॉम्बे ते अंधेरी अशी एक आगगाडी सुरू झाली होती. सेंट्रल साल्सेट ट्रामवे हे तिचे नाव. १९३४ साली ती बंद पडली. रूळ उखडले गेले, आणि तिच्या नावाची तीन अक्षरे रस्त्याला चिकटून राहिली. आज त्या रस्त्यावर मोटारगाड्यांचा संसार आहे. जुन्या गाड्या विकणारे, दरवाजे-आरसे-दिवे विकणारे, डेंटिंग-पेंटिंगवाले, टायरवाले, काचवाले, सीटकव्हर शिवणारे, आणि या सर्वांच्या मधोमध बोनटमध्ये डोके घातलेले मेकॅनिक.

या रस्त्याने आम्ही रिक्षात बसून शंभरदा गेलो असू. पण दिवाळीनंतरच्या एका शनिवारी मुद्दाम पायी गेलो. त्याचे कारण आमच्या वस्तीतल्या एका घरात आहे, आणि तसे घर वाचकांच्याही वस्तीत असेल, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

वस्तीतला प्रश्न

आम्ही एका कचेरीत कारकून आहोत. कॉमर्स शिकलो, त्यामुळे वस्तीतल्या लोकांचे अर्ज, कर्जाचे फॉर्म, सोसायटीचे हिशेब ही कामे सुटीच्या दिवशी आपोआप आमच्याकडे येतात. असाच एक दिवस शेजारच्या गल्लीतला एक मुलगा आला. वय सव्वीस. दहावीनंतर आयटीआयमधून मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा ट्रेड केलेला. सहा वर्षे एका मोठ्या सर्व्हिस स्टेशनवर कंत्राटी कामगार. हात चांगला, पण पगार वाढत नाही आणि कायम होण्याचे चिन्ह नाही.

त्याच्या डोक्यात आले होते की वस्तीतच गाड्या दुरुस्त करण्याचा जोडधंदा काढावा. त्याचे म्हणणे बरोबर होते. आमच्या वस्तीबाहेरच्या रस्त्यावर रात्री चाळीसच्या वर गाड्या उभ्या असतात. टुरिस्ट परमिटच्या गाड्या, शाळेच्या व्हॅन, भाजीचे छोटे टेम्पो, ज्याला सगळे छोटा हत्ती म्हणतात. चालवणारे बहुतेक आपलेच लोक. गाडी कर्जावर घेतलेली. सर्व्हिस स्टेशन दिवसा उघडे असते, आणि दिवसा गाडी तिथे उभी केली तर त्या दिवसाची कमाई बुडते. बँकेचा हप्ता मात्र बुडत नाही. रात्री किंवा सुटीच्या दिवशी गाडीपाशी येऊन काम करून देणारा विश्वासू माणूस मिळाला तर हे लोक त्याला सोडणार नाहीत.

इथवर ठीक होते. पण एका मित्राने त्याला दुकान दाखवले होते. तीन लाख डिपॉझिट, महिना अठरा हजार भाडे. वडील महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेले, त्यांच्या फंडाचे पैसे बँकेत. मुलाची नजर त्या पैशांवर गेली आणि घरात भांडण सुरू झाले.

वडिलांचा राग पैशापुरता नव्हता. ते आम्हाला म्हणाले, "आम्ही जन्मभर गटारात उतरलो, ते काय पोराने गाडीखाली झोपावे म्हणून? तुमच्यासारखा टेबलावर बसला असता तर डोळे मिटायला मोकळा झालो असतो."

या बोलण्याला आमच्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. मुलाची आई मात्र शांत होती. ती म्हणाली, "भाऊ, आधी बघून तर येऊ. बाजार न बघता लुगडंसुद्धा घेत नाही आपण." म्हणून त्या शनिवारी ती, तिचा मुलगा, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली त्याची बहीण आणि आम्ही, असे चौघे चेंबूरहून हार्बर लाईनच्या गाडीने निघालो. टिळकनगर, मग कुर्ला. दोनच स्टेशने.

फियाटचे कुर्ले

कुर्ल्याला उतरून प्रथम आम्ही प्रीमियर रोडकडे गेलो. मुलांना ती जागा दाखवायची होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली आणि १९४७ सालापासून कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे फियाट आली, आणि १९७४ पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली गेली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, असा तो काळ. २००० च्या सुमारास गाडीचे उत्पादन थांबले. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

आता तिथे उंच इमारती आहेत. कारखान्याचा भोंगा ऐकलेली माणसे आसपास भेटतात, पण कारखाना दिसत नाही. मुलाच्या आईने विचारले, "एवढी माणसं कामाला होती, ती गेली कुठं?" काही गावी गेली, काही वॉचमन झाली. आणि काहींनी हातातला पाना सोडला नाही. कंपनी बंद झाली तरी हातातली विद्या त्यांच्याजवळच राहिली.

ही गोष्ट आम्ही मुलाच्या मनावर ठसावी म्हणून सांगितली. कंत्राट आज आहे, उद्या नाही. पण त्याच्याजवळ जे आहे ते कंत्राटदाराने दिलेले नाही, म्हणून तो ते काढूनही घेऊ शकत नाही.

चाचांची शिकवणी

तिथून रिक्षाने कुर्ला डेपोपाशी आलो आणि सीएसटी रोडला पायी लागलो. सकाळचे अकरा वाजले होते. दुकानांच्या बाहेर दरवाजे एकावर एक रचून ठेवलेले, आरशांच्या माळा टांगलेल्या. मुलगा प्रत्येक वस्तूपाशी थांबत होता. आम्हाला त्याला पुढे ओढावे लागत होते.

आमच्या ओळखीचे एक वृद्ध मेकॅनिक त्या भागात आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. सत्तरीच्या घरातले. त्यांचे उस्ताद फियाट कंपनीत फिटर होते, आणि चाचा बारा वर्षांचे असताना त्यांच्या हाताखाली पाने धुवायला लागले. चाचांनी आम्हाला स्टूल दिले, चहा सांगितला आणि मुलाचे हात पाहिले. मग म्हणाले, "हाथ तो मेकॅनिक का है. अब बताओ, क्या क्या नहीं करोगे?"

मुलगा गोंधळला. तो काय काय करू शकतो याची यादी घेऊन आला होता. चाचांना उलटी यादी हवी होती. ते म्हणाले की नवा माणूस मरतो तो नाही म्हणता येत नाही म्हणून. त्यांनी एकेक बोट मोडत सांगितले आणि बहिणीने वहीत लिहून घेतले. ते असे :

इंजिन उघडायचे नाही, गिअरबॉक्स उतरवायचा नाही. त्याला जागा, उजेड आणि सलग दिवस लागतात. सीएनजीच्या नळ्यांना हात लावायचा नाही. ते काम अधिकृत केंद्राचे, आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्टही तिथेच. एअरबॅगच्या पिवळ्या वायरला आणि विजेवर चालणाऱ्या गाडीच्या नारिंगी केबलला स्पर्श करायचा नाही. एसीचा गॅस भरायचा नाही.

मग करायचे काय? ऑइल आणि फिल्टर बदलणे, ब्रेकचे पॅड, प्लग, बॅटरी, पट्टा, वायपर, दिवे, फ्यूज, कूलंट, आणि गाडीची तपासणी. चाचा म्हणाले, "दस काम पकडो. वो दस काम ऐसे करो के गाडी वापस न आए."

मग त्यांनी जॅककडे बोट दाखवले. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचे नाही, हे त्यांनी तीन वेळा सांगितले. खाली लोखंडी स्टँड हवेतच, चाकांना अडण हवी, जमीन सपाट हवी. जॅक सरकून गाडी अंगावर आलेली माणसे त्यांनी पाहिली आहेत. गरम रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह सोडायचे. ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवायची नाही, कारण ती छातीत जाते.

मुलाने खिशातून अंगठ्याएवढे एक यंत्र काढले. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या गाड्यांना स्टिअरिंगच्या खाली एक सॉकेट असते, ओबीडीचे. त्यात ते यंत्र लावले की मोबाईलवर बिघाडाचा आकडा दिसतो. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-सहा गाड्यांत तर सेन्सर फारच वाढले आहेत. शेजारी उभ्या असलेल्या गाडीला त्याने ते लावून दाखवले. आकडा आला पी ०३०१. म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. त्याने लगेच सांगितले, प्लग बदलावा लागेल.

चाचा हसले. म्हणाले, हे यंत्र कुठे दुखते ते सांगते, का दुखते ते सांगत नाही. त्यांनी पहिल्या सिलिंडरची कॉईल काढून दुसऱ्याला लावायला सांगितली. आकडा बदलून पी ०३०२ झाला. दुखणे कॉईलबरोबर सरकले, म्हणजे बिघाड कॉईलमध्ये. प्लग बदलला असता तर गिऱ्हाईकाचे पैसे गेले असते आणि गाडी पुन्हा तशीच झटके देत आली असती. मुलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सर्व्हिस स्टेशनवर त्याला आकडा आला की भाग बदला, एवढेच शिकवले होते.

निघताना चाचा म्हणाले, "गाडी किसी की जात नहीं पूछती, बेटा."

मुलाची आई पटकन बोलली, "गाडी नाही विचारत, चाचा. मालक विचारतो."

चाचा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "हां बहन, वो भी सही है." त्यांनी स्वतःचेही सांगितले. मोठ्या सोसायट्यांत त्यांचे नाव ऐकून गेटवरच थांबवतात, हा त्यांचाही अनुभव. यावर त्यांचा उपाय एकच. पक्के बिल, जुना भाग परत आणि वेळेवर काम. ज्याला गाडी चालवून पोट भरायचे आहे तो शेवटी चांगल्या हाताकडेच येतो. सगळे येतात असे चाचा म्हणाले नाहीत. पुरेसे येतात, असे म्हणाले.

मिठीच्या पुलावर

सीएसटी रोड पुढे मिठी नदी ओलांडून कलिन्याकडे जातो. पुलावर आम्ही थांबलो. पाणी काळे, वर तेलाचा तवंग. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा याच नदीचे पाणी कुर्ल्या-कलिन्यातल्या घरांत शिरले. आमच्या नात्यातल्या दोन कुटुंबांचे त्या रात्री सगळे वाहून गेले. मुलांची शाळेची दप्तरेसुद्धा.

नदी काळी होण्याची कारणे अनेक आहेत, त्यात गॅरेजचे जळके ऑइलही आहे. लहान गाडीतून एका वेळी साधारण तीन-साडेतीन लिटर ऑइल निघते. महिन्याला वीस गाड्या केल्या तर साठ-सत्तर लिटर. ते गटारात ओतले तर आपल्याच वस्तीच्या नाल्यात जाते. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे. मुलाच्या आईने तिथेच ठरवून टाकले, "झाकणाचा कॅन घे, घरात नको, जिन्याखालीही नको. भरला की नेऊन द्यायचा आणि पावती ठेवायची." तिच्या नवऱ्याने तीस वर्षे इतरांनी टाकलेली घाण काढली. गटारात काय टाकू नये हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

ऑपेरा हाऊसचा बाजार

कलिन्याहून रिक्षाने सांताक्रूझ स्टेशन आणि तिथून स्लो गाडीने चर्नी रोड. स्टेशनच्या बाहेर पडून थोडे चालले की ऑपेरा हाऊस. ते जुने नाट्यगृह दुरुस्त होऊन २०१६ साली पुन्हा उघडले. बहिणीला ते आतून पाहायचे होते, पण आम्ही आलो होतो शेजारच्या गल्ल्यांसाठी. मोटारीच्या स्पेअरपार्टचा हा मुंबईचा जुना बाजार. दुकान हातभर रुंदीचे, आत छतापर्यंत खोकी, आणि काउंटरवरचा माणूस नुसता पार्ट नंबर ऐकून नेमके खोके काढतो.

इथे मुलाला कळले की एकाच ब्रेक पॅडचे तीन भाव असतात. पहिला कंपनीच्या खोक्यातला. दुसरा, कंपनीला माल पुरवणाऱ्या कारखान्याने स्वतःच्या नावाने विकलेला. तिसरा लोकल. दुसऱ्या प्रकारचा माल पुष्कळदा उत्तम असतो आणि स्वस्त पडतो. तिसऱ्यात वायपर, मॅट, हॉर्न घ्यायला हरकत नाही. पण ब्रेक आणि स्टिअरिंगचा भाग लोकल घ्यायचा नाही. खोक्यावरची छापील किंमत, पार्ट नंबर आणि छपाई नीट पाहून घ्यायची, कारण खोकेसुद्धा नकली निघते.

जुन्या भागांचेही तसेच. सीएसटी रोडवरचा जुना दरवाजा, आरसा, दिवा चालतो. जुना टायर, जुना सीटबेल्ट, जुनी एअरबॅग चालत नाही. आणि बिल नसलेला माल कितीही स्वस्त असला तरी घ्यायचा नाही. तो चोरीच्या गाडीचा निघाला तर पोलीस विकणाऱ्याआधी वस्तीतल्या पोराच्या दारात येतात, हे वेगळे सांगायला नको. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये चोरीचा माल जाणूनबुजून घेण्याला शिक्षा आहे. "मला माहीत नव्हते" हे सिद्ध करायला बिलासारखा साक्षीदार नाही.

परतीच्या गाडीतला हिशेब

चर्नी रोडहून दादर, दादरहून कुर्ला. दादरला गर्दीत उभ्यानेच बहिणीने हिशेबाचा विषय काढला. कुर्ल्याच्या फलाटावर बाकडे मिळाले तेव्हा तिने वही उघडली. तो हिशेब इथे देतो, कारण सगळा प्रश्न तिथेच सुटला.

समजा, एका गाडीचे ऑइल आणि फिल्टर बदलले. गिऱ्हाईकाने दोन हजार दिले. त्यातले सोळाशे मालाचे. राहिले चारशे. येण्याजाण्याचे पेट्रोल साठ, हत्यारांची झीज आणि चिंध्या-साबण चाळीस. हाती उरले तीनशे, आणि वेळ गेला माल आणण्यासह दोन तास. खिशात दोन हजार आले म्हणजे दोन हजार मिळाले असे नव्हे. आपल्या मुलांचे अनेक धंदे या एका गैरसमजात बुडालेले आम्ही पाहिले आहेत. मालाचे पैसे घरखर्चाला जातात आणि पुढचा माल उधारीवर येतो.

आता दुकान. भाडे अठरा हजार. एका कामाचे तीनशे धरले तर नुसत्या भाड्यासाठी महिन्याला साठ कामे हवीत. म्हणजे रोज दोन, एकही दिवस खाडा न करता. मुलाजवळ नोकरी सांभाळून वेळ किती? आठवड्यातल्या तीन रात्री आणि एक सुटी. फार तर सहा कामे. महिन्याची चोवीस. चोवीस गुणिले तीनशे, सात हजार दोनशे. दुकान घेतले तर महिन्याला दहा हजार आठशे पदरचे घालावे लागतील. दुकान न घेता गिऱ्हाईकाच्या पार्किंगमध्ये जाऊन काम केले तर तेच सात हजार दोनशे घरात येतील.

मुलगा बराच वेळ वहीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काका, म्हणजे दुकान नको." आम्ही काही बोललो नाही. आकडे त्याच्या बहिणीच्या अक्षरात होते, ते आमच्या सल्ल्यापेक्षा बरे.

कागद आधी, पाना नंतर

ज्यांच्या घरी असा विचार चालू असेल त्यांच्यासाठी कागदपत्रांची माहिती थोडक्यात देतो.

घरातला माणूस राज्य सरकारच्या नोकरीत असेल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे त्याला पूर्वपरवानगीशिवाय स्वतः धंदा करता येत नाही, आणि कुटुंबातल्या कुणी केला तर तो कार्यालयाला कळवावा लागतो. खासगी नोकरी असेल तर नेमणुकीचे पत्र वाचावे. मालकाचे गिऱ्हाईक, मालकाचा माल आणि मालकाची हत्यारे जोडधंद्यात आणायची नाहीत. नोकरी जाईलच, आणि नावही जाईल.

उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून आहे आणि ती फुकट होते. कुणी एजंट तिच्यासाठी हजार-पाचशे मागत असेल तर देऊ नयेत. थोडी माणसे कामावर असलेल्या लहान दुकानाला २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमाखाली नोंदणी दाखल्याऐवजी फक्त कळवावे लागते. गॅरेज थाटायचे असेल तर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात परवान्यांची चौकशी आधी करावी. फुटपाथवर आणि रस्त्यावर धंदा मांडला तर सामान उचलले जाते. सोसायटीच्या आवारात काम करायचे तर सोसायटीची लेखी संमती घ्यावी.

भांडवलासाठी २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत शिशु गटात पन्नास हजारांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ साली निघाला. त्यात अनुसूचित जातीच्या अर्जदाराने पाच टक्के स्वतःचे घालायचे आणि शहरात पंचवीस, ग्रामीण भागात पस्तीस टक्के अनुदान, अशी रचना ठेवली आहे. १९७८ साली स्थापन झालेले आपले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळही बीजभांडवलासाठी आहे. योजनांच्या अटी बदलत असतात, म्हणून अर्ज भरण्याआधी बँकेत आणि महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात स्वतः जाऊन विचारावे. पण एक लक्षात ठेवावे. अनुदान आहे म्हणून मोठे कर्ज काढायचे नाही. काम जेवढे मागते तेवढेच काढायचे.

वही आणि बॅटरी

त्या मुलाने दुकान घेतले नाही. बापाच्या फंडालाही हात लावला नाही. आईच्या बचत गटातून पंधरा हजारांचे कर्ज आणि स्वतःचे दहा हजार, एवढ्यावर हत्यारे आणली. दोन टनांचा जॅक, दोन स्टँड, सॉकेटचा सेट, रिंग पाने, चाकाचे नट नेमके आवळायचा टॉर्क रेंच, मल्टिमीटर. ओबीडीचे यंत्र होतेच. मोटरसायकलच्या मागे एक पेटी बसवली.

वही बहिणीकडे आहे. प्रत्येक कामाला एक पान. तारीख, गाडीचा नंबर, किलोमीटर, गिऱ्हाईकाची तक्रार त्याच्याच शब्दांत, काय बदलले, मालाची किंमत, मजुरी वेगळी, आणि खाली गिऱ्हाईकाची सही. जुना भाग कागदात गुंडाळून गिऱ्हाईकाला परत. वस्तीतल्या एका ड्रायव्हरने पहिल्यांदा चेष्टा केली, "आपल्यातच काय लिहापढी?" पुढच्या महिन्यात त्याचीच गाडी आवाज करू लागली, तेव्हा वहीतले पान उघडून दाखवता आले की मागचे पॅड बदललेलेच नव्हते, त्यानेच थांब म्हटले होते. भांडण झाले नाही. आपल्यातच लिहापढी हवी. परक्याशी भांडण झाले तर एक गिऱ्हाईक जाते, आपल्यातल्याशी झाले तर अख्खी गल्ली जाते.

वडिलांचे मन पूर्ण वळले असे आम्ही म्हणणार नाही. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही पुष्कळ दिवस शोधत होतो. गटारात उतरणे हे काम त्यांनी निवडले नव्हते. जन्माने ते त्यांच्या वाट्याला आणून ठेवले होते. त्याचा दर त्यांनी ठरवला नाही, आणि नाही म्हणण्याची सोय नव्हती. त्यांच्या मुलाने हे काम शिकून घेतले आहे. प्रमाणपत्र आहे, दर तो सांगतो, आणि दहा कामे धरून बाकीच्या कामांना नाही म्हणतो. काळे झालेले हात सारखे दिसतात, पण एका हातात नाही म्हणण्याचा अधिकार आहे. हे आम्ही त्यांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "बघू. नोकरी सोडू नको म्हणावं."

हे त्यांचे म्हणणे आम्हालाही मान्य आहे. वर्षभर वही भरायची, पावसाळ्यातले दोन-तीन महिने कसे जातात ते पाहायचे, आणि कामे इतकी वाढली की रात्री पुरेनाशा झाल्या, तरच दुकानाचा विचार करायचा, असे त्या घरात ठरले आहे. मधल्या काळात एवढे झाले आहे की मुलगा रात्री कामावर निघाला की वडील बॅटरी घेऊन बरोबर जातात. गाडीखाली स्टँड लावलेत की नाही ते स्वतः वाकून पाहतात, मगच मुलाला खाली जाऊ देतात.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या प्रत्येक वस्तीत आयटीआय झालेली, कंत्राटावर राबणारी, हाताने हुशार अशी मुले-मुली आहेत. त्यांना भांडवल देण्याइतके आपण श्रीमंत नाही. पण प्रत्येक वस्तीत हिशेब येणारे कुणीतरी आहे, आणि शनिवार-रविवारचे दोन तास मोकळे असणारेही कुणीतरी आहे. विहारात रविवारी जमतो तेव्हा अर्धा तास या मुलांबरोबर बसावे, त्यांना बाजार दाखवून आणावा, त्यांच्या वहीचे पहिले पान आपण लिहून द्यावे. दुसरे पान ती स्वतः लिहितील.